कामाची गुंतागुंत आणि कर्त्याचा अनुभव

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मांजरा आणि गोदावरी ह्या दोन नद्यांच्या सान्निध्यात बिलोली तालुका वसला आहे. बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून कर्नाटकात आणि तेथून तेलंगणात जाते. निजामसागर धरण मागे टाकल्यावर ती उत्तरेकडे वळते आणि महाराष्ट्राची सीमा आखीत गोदावरीला मिळते. ह्या परिसरात हिंडणाऱ्यास एकाच दिवसात तीन प्रकारची सार्वजनिक कामे पाहावयास मिळतात. पहिले काम म्हणजे एखाद्या लहान गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली. दुसरे, बिलोलीहून बोधनकडे जाताना येसगीजवळ लागणाऱ्या मांजरेवरील पुलासारखे काम. तिसरे, शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर उभा असलेला बाभळीचा बंधारा.

वाळू, खडी, सिमेंट आणि लोखंडी गज ही सामग्री तिन्ही कामांत सारखीच असते. अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका हा क्रमही सारखाच असतो. असे असूनही शाळेची खोली उत्तम रीतीने बांधून देणारा अधिकारी बंधाऱ्याचे काम पेलू शकेल, असे कोणी म्हणणार नाही. उलटपक्षी, बंधाऱ्याचा अनुभव असलेल्या ज्येष्ठ अधिकाऱ्यास खोलीच्या कामावर बसवून ठेवणे हा त्याच्या ज्ञानाचा अपव्यय होय. कोणते काम कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न म्हणूनच विकासकार्याच्या मुळाशी आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयात तो जितका महत्त्वाचा आहे, तितकाच तो ग्रामपंचायतीच्या बैठकीतही आहे.

अधिकाराची शिडी

ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या प्रशासनाने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांची रचना ब्रिटिश अमदानीपासून एका शिडीसारखी आहे. शाखेवर कनिष्ठ अभियंता, उपविभागावर उपअभियंता, विभागावर कार्यकारी अभियंता, मंडळावर अधीक्षक अभियंता आणि प्रदेशावर मुख्य अभियंता अशा ह्या शिडीच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला तांत्रिक मंजुरीचे अधिकार ठरवून दिलेले असतात. अंदाजपत्रकाची रक्कम एका मर्यादेपलीकडे गेली की प्रकरण आपोआप वरच्या पायरीवर जाते आणि अधिक अनुभवी नजरेखालून पार पडते.

कामांचीही अशीच प्रतवारी आहे. ज्या पाटबंधारे योजनेचे लागवडीयोग्य लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत आहे ती लघु, २,००० ते १०,००० हेक्टरपर्यंतची मध्यम आणि त्यापुढील मोठी, अशी ही वर्गवारी होय. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पाझर तलाव, गावतलाव, कोल्हापूर पद्धतीचे लहान बंधारे अशी १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे त्यांच्याकडे आली आणि त्याहून मोठी कामे राज्याच्या यंत्रणेकडे राहिली. लहान काम जवळच्या यंत्रणेकडे आणि मोठे काम विशेष ज्ञान असलेल्या यंत्रणेकडे, हे तत्त्व ह्या विभागणीत स्पष्ट दिसते. धरणांच्या रचनेसाठी नाशिक येथे मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. तेथेच १९५९ साली स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थाही आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण अभियंत्यास जे ज्ञान एकट्याच्या बळावर मिळणे शक्य नाही, ते अशा संस्थांच्या द्वारे त्याच्यापर्यंत पोहोचावे, अशी ही योजना आहे.

ही शिडी उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्यावयास हव्यात. शिडीवरील पायरी मुख्यतः रकमेवर ठरते, आणि रकमेवरून कामाची गुंतागुंत नेहमीच कळत नाही. दुसरे असे की, पायरीवरील माणूस सेवाज्येष्ठतेने तेथे पोहोचलेला असतो. वीस वर्षे केवळ रस्त्यांची डागडुजी केलेल्या अधिकाऱ्याची सेवा वीस वर्षांची असते, परंतु धरणाचा अनुभव त्याच्यापाशी नसतो. सेवेची वर्षे आणि अनुभवाची जात ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लहान काम, मोठी जोखीम

रक्कम आणि गुंतागुंत यांतील फरक बिलोलीच्या जमिनीतच दिसून येतो. गोदाकाठची काळी, कसदार माती कापूस आणि ज्वारीस जितकी मानवते, तितकीच ती बांधकामास प्रतिकूल असते. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांतच भिंतींना तिरप्या चिरा जातात, दारे चौकटीत अडकू लागतात आणि फरशी उचलली जाते. यावर उपाय ठाऊक आहेत. पाया खोल नेऊन कठीण मुरुमावर टेकविणे, पायाच्या खड्ड्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून तो थराथराने धुम्मस करणे, इमारतीभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करणे, आणि मातीचा थर फारच जाड असल्यास खालच्या टोकाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरविणे, हे ते उपाय होत. शाळेच्या खोलीची किंमत अल्प असते म्हणून ते काम शिडीच्या खालच्या पायरीवरच राहते. तेथील नवख्या अधिकाऱ्याने पूर्वी मुरमाड भागातच काम केलेले असेल, तर काळ्या मातीचा हा स्वभाव त्यास कोणी सांगावा? अशा वेळी पायाचा खड्डा एकदा तरी जाणत्या माणसाने पाहणे आवश्यक ठरते. एका भेटीने खोलीचे आयुष्य वाढते.

ह्याहून गंभीर उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री अतिवृष्टीत फुटले आणि खालच्या वस्तीतील अनेकांचे प्राण गेले. धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. राज्यातील प्रचंड जलाशयांच्या तुलनेत हे धरण अगदी लहान होते, परंतु त्याच्या पायथ्याशी माणसे राहत होती. मातीच्या धरणातून झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ आहे, हा बारकावा अनुभवी डोळ्यास तत्काळ कळतो. गढूळ पाणी म्हणजे धरणाच्या पोटातील माती वाहून जात असल्याची खूण होय. काम लहान म्हणून देखरेखही लहान, असा हिशेब येथे घातक ठरतो.

गुंतागुंत मोजावी कशी?

मग कामाची गुंतागुंत ओळखावी कशी? प्रकल्पप्रमुखांच्या कामगिरीची मानके ठरविणाऱ्या ‘गॅप्स’ ह्या आंतरराष्ट्रीय मंडळाने यासाठी एक सुटसुटीत तक्ता स्वीकारला आहे. तो क्रॉफर्ड आणि इशिकुरा यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात सात प्रश्न असून प्रत्येकास एक ते चार गुण द्यावयाचे असतात. काम जितके गुंतागुंतीचे, तितके गुण अधिक.

पहिला प्रश्न असा की, कामाभोवतीची परिस्थिती स्थिर आहे की वारंवार बदलणारी आहे? दुसरा, कामासाठी किती वेगवेगळ्या शास्त्रांची व कौशल्यांची गरज आहे? तिसरा, कामाचे कायदेशीर, सामाजिक व पर्यावरणीय परिणाम किती दूरवर जातात? चौथा, त्याचा आर्थिक परिणाम किती मोठा आहे? पाचवा, संबंधित संस्थेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किती? सहावा, काम नेमके कसे व्हावे याविषयी संबंधितांचे एकमत आहे काय? आणि सातवा, किती कार्यालये, संस्था व गट यांच्याशी संबंध राखावा लागणार आहे? एकूण गुण कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस होतात. बारापासून पुढे गेलेल्या कामास ह्या तक्त्यात पूर्ण प्रकल्पप्रमुखाची पहिली पातळी लागते आणि एकोणीसपासून पुढील कामास दुसरी, म्हणजे वरची पातळी लागते.

रकमेचा प्रश्न ह्या सातांत केवळ एक आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेच्या खोलीस हा तक्ता ढोबळ मानाने लावून पाहिला तर बहुतेक उत्तरांना एक-दोन गुणच मिळतील आणि बेरीज आठ-दहाच्या आसपास राहील. दोन राज्यांना जोडणाऱ्या नदीवरील पुलाची बेरीज सोळा-सतरापर्यंत जाईल, कारण तेथे पुराचा अभ्यास, भूसंपादन आणि पलीकडच्या राज्याशी पत्रव्यवहार ही कामे येतात.

बाभळीची कथा मात्र वेगळीच आहे. तांत्रिक दृष्ट्या दरवाजांचा बंधारा हे महाराष्ट्रातील अभियंत्यांना परिचित काम होय. परंतु हा बंधारा खालच्या बाजूस असलेल्या पोचमपाड म्हणजेच श्रीरामसागर जलाशयाच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे गोदावरीच्या पाणीवाटपाचा ६ ऑक्टोबर १९७५ चा करार, गोदावरी लवादाचा १९८० चा निवाडा आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सर्व ह्या बंधाऱ्याशी जोडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन बंधारा मान्य केला आणि त्यासोबत अटी घातल्या. महाराष्ट्राने २.७४ अब्ज घनफूट मर्यादेत पाणी वापरावे, १ जुलै ते २८ ऑक्टोबर ह्या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावेत, आणि दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, अशा त्या अटी होत. देखरेखीसाठी त्रिसदस्य समितीही नेमण्यात आली. चौदा दरवाजांच्या ह्या बंधाऱ्यात सर्वाधिक अवघड ठरले ते काँक्रीटपलीकडचे काम. वरील तक्त्यातील पहिला, तिसरा, सहावा आणि सातवा ह्या चारही प्रश्नांना येथे पुरते गुण मिळतात. अशा कामावरील प्रमुखास पाण्याचे मोजमाप, करारातील कलमे आणि अभिलेखांची शिस्त ह्या तिन्हींचा अनुभव असणे अगत्याचे असते. एक नोंद चुकली तर तिचा जाब न्यायालयात द्यावा लागतो, आणि शेवटी ते पाणी काठावरच्या शेतकऱ्याच्या वाट्यातून वजा होते.

आपल्याकडील ग्रामीण परिस्थिती पाहता ह्या सात प्रश्नांना एक आठवा प्रश्न जोडणे इष्ट ठरेल. काम फसले तर कोणाच्या जिवास धोका आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर बेरीज कितीही कमी असो, अनुभवी अधिकाऱ्याची नजर त्या कामावर असलीच पाहिजे.

वाटेतच बदलणारे काम

गुंतागुंत एकदा मोजून भागत नाही, कारण चालू कामाचे स्वरूप वाटेत बदलू शकते. पानशेतची दुर्घटना हा त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद धडा आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पुण्याजवळील पानशेत धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने १८७९ साली पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पानशेतचे बांधकाम अद्याप चालू होते आणि पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते. अशा स्थितीत त्या वर्षीच्या पावसाळ्यात जलाशय भरत गेला. पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीवरील मातीचा भराव खचला आणि पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागले.

बांधकामाच्या वेळापत्रकात काही महिन्यांची घाई ही वरकरणी साधी गोष्ट वाटते. परंतु अपुऱ्या धरणामागे पावसाळी नदी येऊन उभी राहिली की तेच काम पूर्णपणे वेगळे होते. उन्हाळ्यात जे केवळ भरावाचे काम असते, ते जुलैमध्ये शहराच्या संरक्षणाचे काम बनते. अशा क्षणी काम थांबविण्याचा अथवा मुदत पुढे ढकलण्याचा निर्णय घेण्यास ज्ञानाइतकाच अधिकारही लागतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामात, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, ‘हे काम अद्याप त्याच पातळीचे आहे काय’ असा आढावा घेण्याची प्रथा असावी.

किल्लारीनंतरची विभागणी

माणसे आणि कामे यांची सांगड विचारपूर्वक घातल्याचे एक मोठे उदाहरण मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी नेहमीच्या कार्यालयांवर अधिकचा भार न टाकता स्वतंत्र प्रकल्प-व्यवस्थापन कक्ष निर्माण करण्यात आला.

कार्यक्रमातील कामे त्यांच्या स्वरूपानुसार वेगळी काढण्यात आली. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची होती. तेथे भूसंपादन, गावठाणाची आखणी, रस्ते, पाणी, वीज, कंत्राटदार आणि देणगीदार संस्था यांचा मेळ घालावयाचा होता. ह्या कामास नगररचना, कंत्राटे आणि मोठी बांधकामे यांचा अनुभव असलेली माणसे हवी होती. दुसऱ्या बाजूस, अनेक जिल्ह्यांत विखुरलेल्या दीड लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. प्रत्येक घराचे काम लहान आणि जवळपास सारखेच होते. माळवदावरील मातीचा जड थर कमी करणे, दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बसविणे, कोपरे पक्के करणे, अशी ती कामे होती. येथील गुंतागुंत घराच्या रचनेत फारशी नव्हती. ती होती घरांच्या संख्येत आणि घरमालकांच्या मनात. ज्या दगडी भिंतींनी शेजारच्या जिल्ह्यात माणसे गाडली, त्याच भिंती दुरुस्त करून पुन्हा त्यांच्या आडोशाला झोपावयाचे, ही गोष्ट कुटुंबास पटवून द्यावयाची होती.

म्हणून ह्या भागात घरमालकालाच कामाचा कर्ता करण्यात आले. साहाय्य टप्प्याटप्प्याने देण्यात आले, तांत्रिक पाहणी कनिष्ठ अभियंत्यांवर सोपविण्यात आली आणि गावोगावी संवाद सहायक नेमण्यात आले, ज्यांत स्थानिक महिलांचा मोठा वाटा होता. नवख्या अभियंत्यास येथे मोजकी तंत्रे शिकवून तीच अनेक घरांवर वापरावयास दिल्यामुळे काम त्याच्या आवाक्यात राहिले. संवाद सहायक स्त्रीपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, परंतु कोणत्या घरात कोणाचा शब्द चालतो आणि हप्त्याचे पैसे कोठे अडतात याची माहिती होती. हाही अनुभवच होय, आणि त्या कामास नेमका तोच लागत होता.

किल्लारीच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुभव कमी-अधिक असतो, तसाच तो निरनिराळ्या जातीचाही असतो. नेमणूक करताना ‘किती वर्षे’ ह्या प्रश्नासोबत ‘कशातली वर्षे’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

अनुभव घडवावा लागतो

अनुभवी माणसेच अवघड कामांवर नेमावयाची, असे ठरविल्यास नव्या माणसास अनुभव मिळणार कोठून, अशी शंका साहजिकच येते. तिचे उत्तर थोर अभियंत्यांच्या चरित्रांत सापडते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून प्रवेश केला. नाशिक आणि खानदेश ही त्यांची सुरुवातीची कार्यक्षेत्रे होत. खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळ-सायफन नेण्यासारख्या कामांतून ते पावसाळी नदीचा स्वभाव शिकले. पुढे सिंधमधील सक्करची पाणीपुरवठा योजना, पुणे परिसरातील पाटबंधारे आणि खडकवासल्याच्या सांडव्यावरील स्वयंचलित दरवाजे, अशी त्यांच्या कामांची पायरी चढत गेली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराचा विध्वंस केला, तेव्हा निजाम सरकारने सल्ल्यासाठी त्यांना पाचारण केले. त्यावेळी त्यांच्यापाशी पंचवीस वर्षांच्या चढत्या क्रमाच्या कामांची शिदोरी होती. बिलोलीचा मुलूख त्याकाळी ह्याच हैदराबाद संस्थानात होता.

अलीकडच्या काळातील उदाहरण ई. श्रीधरन यांचे आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरजवळचा पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला. त्याच्या दुरुस्तीचे काम तरुण श्रीधरन यांच्याकडे आले आणि ते त्यांनी ४६ दिवसांत पूर्ण केले. एक पूल, एक ठिकाण आणि एकच स्पष्ट उद्दिष्ट असलेले ते काम होते. १९७० नंतर ते कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेच्या नियोजनात होते. १९९० मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ह्या राज्यांतून जाणाऱ्या कोकण रेल्वेची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा रेल्वेतील त्यांची नियमित सेवा संपत आली होती. डोंगर, बोगदे, नद्या, भूसंपादन आणि अनेक राज्य सरकारे यांचा मेळ घालणारे ते काम पूर्ण होऊन १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला.

दोन्ही चरित्रांत कामे एकेका पायरीने वाढलेली दिसतात. प्रत्येक नवे काम आधीच्या कामाहून थोडे अवघड होते. प्रशासनात हेच तत्त्व सहज पाळता येण्याजोगे आहे. तरुण अधिकाऱ्यास त्याच्या अनुभवापेक्षा एकच पायरी वरचे काम द्यावे आणि तेही अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली द्यावे. एकदम तीन पायऱ्या चढावयास लावले तर काम बिघडते आणि माणूसही खचतो. त्यानंतर तो प्रत्येक निर्णय वर ढकलू लागतो आणि सहीपुरता उरतो. तसेच वर्षानुवर्षे एकाच पायरीवर ठेवले तरी त्याची वाढ खुंटते.

गावपातळीवर काय करता येईल?

पंचायत सदस्य, सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना अभियंत्यांच्या नेमणुकीचे अधिकार नसतात. तरीही कामाची गुंतागुंत ओळखून योग्य मदत वेळेवर मागणे त्यांच्या हाती असते. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

काम सुरू होण्यापूर्वी वरील आठ प्रश्न ग्रामसभेत अथवा मासिक बैठकीत एकदा वाचावेत. त्यासाठी गुणांचा हिशेब काटेकोरपणे मांडण्याची आवश्यकता नाही. तीन-चार प्रश्नांची उत्तरे अवघड वाटली तर उपअभियंत्याची प्रत्यक्ष भेट लेखी मागावी. नळयोजनेचेच पाहा. विहीर एका गावाच्या शिवारात, पाण्याची टाकी दुसऱ्या गावात आणि नळ तिसऱ्या गावात असेल, तर रक्कम बेताची असूनही सहावा आणि सातवा प्रश्न तेथे कठीण जातो. अशा कामास तिन्ही गावांत ज्याचा शब्द मानला जातो असा समन्वयक आधीच ठरवून घ्यावा, अन्यथा टाकी बांधून तयार होते आणि पाणी मात्र येत नाही.

कामात काही क्षण असे असतात की ते हातचे गेल्यावर मागाहून कोणालाही दोष सुधारता येत नाही. पायाचा खड्डा भरण्यापूर्वीचा क्षण, छताचे काँक्रीट ओतण्यापूर्वी गज बांधून झाल्याचा क्षण, तलावाच्या पाळूखालील चर भरण्यापूर्वीचा क्षण, हे ते होत. जाणत्या अधिकाऱ्याची एकच भेट शक्य असेल तर ती ह्याच वेळी व्हावी, असा आग्रह धरावा.

अर्ध्या कामातून अधिकाऱ्याची बदली झाली तर कार्यभार देताना-घेताना कामाचा इतिहासही सोपविला जाणे आवश्यक असते. पाया किती खोल गेला, कोठे झरा लागला, कोणत्या शेतकऱ्याशी कोणता तोंडी समझोता झाला, ह्या गोष्टी मोजमाप पुस्तिकेत आढळत नाहीत. पंचायतीने कामाची एक साधी नोंदवही ठेवल्यास येणाऱ्या अधिकाऱ्याचे कित्येक महिने वाचतात. शाळेचे शिक्षक ह्या कामी पंचायतीस मोलाची मदत करू शकतात.

शेवटची गोष्ट अधिकाऱ्यांसाठी आहे. ‘हे काम माझ्या अनुभवाच्या पलीकडचे आहे’ असे सांगणाऱ्या कनिष्ठास दूषण दिले जाऊ नये. असे सांगावयास धैर्य लागते, आणि वेळेवर सांगितले तर त्यामुळे शासनाचा पैसा आणि लोकांचे प्राण दोन्ही वाचू शकतात. जेथे असे सांगणे कमीपणाचे मानले जाते, तेथे चुका झाकल्या जातात आणि त्या पावसाळ्यात उघड्या पडतात.

बिलोलीच्या एखाद्या गावात काळ्या मातीवर उभी राहिलेली शाळेची खोली वीस वर्षांनीही चिरेवाचून उभी असेल, तर तिच्या पायाचा खड्डा त्या दिवशी कोणीतरी जाणत्याने पाहिला होता असे समजावे. त्या खोलीत बसणाऱ्या मुलांना त्याचे नाव ठाऊक असणार नाही. मात्र मृगाचा पाऊस कोसळत असताना त्यांचा वर्ग बंद ठेवावा लागणार नाही, आणि वर्ग चालू असताना पालकांना छताची चिंता वाहावी लागणार नाही.